आठ नंबरची पाठ

मॅचमध्ये भरमा धामणेकर कसा दिसायचा
हे मला विचारू नका.
मी गोलकीपर. तेरा सीझन मी त्याची पाठ बघितली.
चहाच्या गाड्यावरचा चेहरा माहीत आहे,
अंगावर बादली ओतून घेतल्यानंतरचा माहीत आहे,
पण शिट्टी वाजल्यावरचा नाही.

पाठीवर आठ. कॅम्पातल्या पेंटरनं ब्रशनं काढलेला.
धुऊन धुऊन डावीकडून उडाला, त्याचा तीन झाला.
निपाणीच्या रेफरीनं त्याचं पिवळं कार्ड तीनच्या नावावर लिहिलं
आणि आमचा सादिक मुल्ला,
ज्यानं त्या दिवशी कुणाला कोपरसुद्धा लावलं नव्हतं,
पुढच्या मॅचला बाहेर बसला.
भरमा महिनाभर त्याच्या चहाचे पैसे देत होता.

सकाळची शिफ्ट उद्यमबागेत, फौंड्रीत, मोल्डिंगला.
तीनला सायकल, चारला मैदान.
हात कितीही धुतले तरी काळी वाळू रेषांतून जायची नाही.
त्यानं थ्रो-इन घेतला की नव्या बॉलवर दहा बोटं उमटायची.

खेळला तरी किती ठिकाणी.
म्हापशाला दोन वर्षं, मॅचमागं दोनशे रुपये आणि माशाचं जेवण.
हुबळीला एक पावसाळा.
गडहिंग्लजला दिवाळीत, भाड्यानं.
मिरजेला एकदा दुसऱ्याच्याच नावावर:
लोक कठड्यावरून 'माने, माने' ओरडत राहिले,
हा वळलाच नाही.
परत आला तेव्हा विचारलं, का आलास?
म्हणाला, "तिथं बॉल मागून घ्यावा लागतोय रं."
मला काही कळलं नाही. मला बॉल कधी मागावा लागला नव्हता,
तो आपणहून यायचा, आणि बहुतेक वेळा जोरात.

मग आम्ही त्याला कॅप्टन केला.
पट्टी म्हणजे सायकलच्या ट्यूबचा तुकडा.
टॉसला कन्नडात बोलायचा, सादिकला दखनीत शिव्या,
फर्नांडिसला म्हापशाहून आणलेल्या मोडक्या कोकणीत,
आणि मला, पाठ न वळवता,
"सुभ्या, काय करालास रं तिकडं?"
शहरात पाट्यांना काळं फासत होते त्या आठवड्यातसुद्धा
त्याला पास चारही भाषांतून हवा होता.

एकूण गोल सात.
त्यातला एक माझ्याच जाळ्यात. हेडर. वरच्या कोपऱ्यात.
इतका देखणा गोल त्यानं समोरच्या जाळ्यात कधी मारला नाही.

कप एकही नाही.
उपविजेत्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळायचं,
काट्यांच्या मागं नगरसेवक हात जोडून.
त्याच्या घरात पाच आहेत.
बायको एकातच सेल घालते.

शेवटच्या मॅचला, बासष्टाव्या मिनिटाला,
बॉल कंपाउंडबाहेर नाल्यात गेला. पोरं काढायला धावली.
आणि तो वळला.
सेंटरवरून माझ्याकडं चालत आला, सगळं अर्धं मैदान,
डावा पाय किंचित मागं ठेवत.
मी पहिल्यांदा बघितला तो चेहरा.
राग नाही, दुखणं नाही.
घरातून निघताना गॅस बंद केला का
हे आठवत असलेल्या माणसाचा चेहरा.
दंडावरची ट्यूब काढली, माझ्या ग्लोव्हजवर ठेवली.
"धर. गुडघा गेलाय. गुरुवारीच गेला होता."
गुरुवारी. आणि ही रविवारची मॅच.
मी काहीतरी बोलायला हवं होतं.
तेवढ्यात नाल्यातून बॉल आला, ओला, घाण वासाचा.

आता रविवारी सकाळी तो मैदान आखतो.
मधोमध खिळा ठोकतो, सुतळी धरतो,
फक्की सोडत फिरतो.
गुडघ्याच्या बाजूला सुतळी ढिली पडते,
वर्तुळ तेवढं चेपतं.
नवी पोरं हसतात.
कुणी दुरुस्त करत नाही.
किक-ऑफ तिथूनच होतो.